घरात समुद्र आणताना : साळिंदर माशाची जोपासना

उल्हासनगर शहराला समुद्रकिनारा नाही. शहराचे नाव ज्या उल्हास नदीवरून पडले, ती सह्याद्रीत उगम पावून कल्याणच्या पुढे खाडीस मिळते. भरतीचे पाणी तेथपर्यंत येते; त्याच्या अलीकडे सारे गोड्या पाण्याचे राज्य आहे. असे असूनही या शहराचे पाण्याशी आणि माशाशी असलेले नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख निर्वासित सिंधी बांधव येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली. या समाजाचे आराध्य दैवत झुलेलाल यांची प्रतिमा सिंधू नदीतील पल्ला माशासह दाखविली जाते. दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवून त्यात रंगीत मासे पाळण्याची आवड या शहरातील सिंधी आणि मराठी अशा दोन्ही घरांत आढळते.

ही आवड आता गोड्या पाण्यापुरती राहिलेली नाही. कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारातून लोकलने तासाभरात अंबरनाथ किंवा विठ्ठलवाडी स्थानक गाठता येते आणि तेथून कॅम्प ५ जवळच आहे. या बाजारात समुद्रातील मासेही मिळतात. त्यांपैकी एक मासा पाहताक्षणी मन वेधून घेतो. मोठे, गोल, चमकदार डोळे, हसल्यासारखे दिसणारे तोंड, अंगावर आडवे पडलेले काटे आणि काचेजवळ आलेल्या माणसाकडे टक लावून पाहण्याची सवय. हाच इंग्रजीत ‘पॉर्क्युपाइन फिश’ म्हणून ओळखला जाणारा साळिंदर मासा होय. विक्रीच्या वेळी तो तळहातावर मावेल एवढा असतो. हा इवलासा मासा घरी नेणे म्हणजे नेमके कोणते उत्तरदायित्व पत्करणे, याची माहिती तो विकत घेण्यापूर्वीच असणे इष्ट आहे. पिशवी घरी आल्यानंतर ती मिळवू लागल्यास बहुधा उशीर झालेला असतो.

माशाची ओळख

कोकणच्या कोळ्यांना फुगणारा मासा नवीन नाही. जाळ्यात सापडताच पोट फुगविणाऱ्या माशांना किनाऱ्यावर ‘केंड’ म्हणतात. साळिंदर मासा हा या केंडांचा जवळचा आप्त. फरक एवढाच, की त्याच्या अंगावर खवल्यांच्या जागी लांब काटे असतात. हे काटे म्हणजे रूपांतरित खवलेच होत. एरवी ते अंगालगत निजलेले असतात. शत्रू चालून आला की मासा भराभर पाणी गिळून पोटात साठवितो, शरीर चेंडूसारखे गोल होते आणि सारे काटे ताठ उभे राहतात. मग त्याला गिळणे मोठ्या माशालाही अवघड जाते.

या माशाच्या कुळाचे शास्त्रीय नाव डायोडॉन्टिडी असे आहे. ‘डायोडॉन’ याचा अर्थ दोन दातांचा. त्याचे वरचे दात एकसंध जुळून एक आणि खालचे जुळून दुसरा, अशी पोपटाच्या चोचीसारखी रचना झालेली असते. या चोचीने तो शंख, शिंपले, खेकडे आणि समुद्री साळू यांचे कठीण कवच फोडून आतील मांस खातो. चार्ल्स डार्विन यांनी १८३२ साली ब्राझीलच्या बाहिया येथे या कुळातील एका माशाचे निरीक्षण केले होते. हा मासा हवा व पाणी गिळून कसा फुगतो, याचे वर्णन त्यांच्या प्रवासवृत्तात आहे. शार्कने गिळलेला असा मासा तिचे पोट कुरतडून बाहेर पडल्याची ऐकीव हकीकतही त्यांनी तेथे नोंदविली आहे. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी बेटांवरचे योद्धे तर या माशाच्या वाळविलेल्या काटेरी कातडीचे शिरस्त्राण करून लढाईत घालीत असत.

बाजारात एकाच नावाखाली प्रामुख्याने दोन जाती विकल्या जातात आणि त्यांतील भेद ग्राहकाला ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे. पहिली जात डायोडॉन होलोकॅन्थस. हिच्या पाठीवर मोठे काळपट डाग असतात, डोळ्यांवरून तपकिरी पट्टा गेलेला असतो आणि कपाळावरील काटे सर्वांत लांब असतात. निसर्गात ही जात कमाल अर्ध्या मीटरपर्यंत वाढते. काचपेटीत साधारणतः फूटभर होते. दुसरी जात डायोडॉन हिस्ट्रिक्स. हिच्या अंगावर व परांवर बारीक काळे ठिपके असतात आणि कपाळावरचे काटे अंगावरील काट्यांपेक्षा आखूड असतात. ही जात ९० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन फूट वाढू शकते. लहानपणी दोन्ही सारखीच गोजिरवाणी दिसत असली, तरी दुसरीला सामावून घेईल अशी पेटी सामान्य घरात ठेवणे शक्य नाही. म्हणून पुढील सर्व विवेचन पहिल्या जातीस अनुलक्षून आहे. योग्य काळजी घेतल्यास हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो, हेही आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

प्रथम प्रश्न वजनाचा

मासा पाळण्याच्या बहुतेक माहितीत वजनाचा विचार शेवटी येतो. उल्हासनगरात तो सर्वप्रथम व्हावयास हवा. पूर्ण वाढलेल्या साळिंदर माशाला मोकळेपणी वळता यावे म्हणून सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी लागते. तीत सुमारे ६०० लिटर पाणी राहते. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्याने त्याचेच वजन ६१५ किलोग्रॅम भरते. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे सव्वाशे किलो, दगड व वाळूचे शंभर किलो आणि खालच्या घडवंचीचे साठ किलो धरल्यास एकूण भार ९०० किलोग्रॅमच्या घरात जातो. हा सारा भार बारा चौरस फुटांवर, म्हणजे एक चौरस मीटरहून किंचित अधिक जागेवर पडतो.

भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांच्या जमिनीचा आराखडा करताना चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम इतका वापराचा भार गृहीत धरला जातो. पेटीखालील जागेवर येणारा भार त्याच्या चौपट होतो. स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेतो हे खरे. परंतु त्यासाठी स्लॅब मुळात सुस्थितीत असावा लागतो. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मध्येही अशीच दुर्घटना घडली. या दुर्घटनांचा मत्स्यपेट्यांशी काहीही संबंध नव्हता. मात्र जेथे जुन्या स्लॅबची गळती आणि गंजलेल्या सळ्या हा नित्याचा अनुभव आहे, तेथे वरच्या मजल्यावर पाऊण-एक टनाचा स्थिर भार ठेवणे म्हणजे खालच्या कुटुंबाचाही जीव धोक्यात घालणे होय. खारे पाणी सांडून स्लॅबमध्ये मुरल्यास सळ्या अधिकच वेगाने गंजतात. म्हणून अशी पेटी तळमजल्यावरच ठेवावी. वरच्या मजल्यावर ठेवावयाची झाल्यास संरचना अभियंत्याची लेखी संमती घ्यावी आणि ती न मिळाल्यास विचार सोडून द्यावा.

या दृष्टीने कॅम्पातील बराकीची तळमजल्यावरील खोली ही नव्या इमारतीतील चौथ्या मजल्याच्या सदनिकेपेक्षा अधिक सोयीची ठरते. तिलाही एक मर्यादा आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी नद्यांच्या काठचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. ज्या घरात त्या वेळी पाणी शिरले, तेथे पेटीची घडवंची आणि विजेच्या जोडण्या पुराच्या पातळीहून उंच ठेवाव्या लागतील. घडवंची लाकडी भुश्याच्या बोर्डाची नसावी, कारण खाऱ्या ओलाव्याने ती फुगते. उघडे लोखंडही चालत नाही; त्यावर गंजरोधक रंगाचे दोन-तीन हात अवश्य द्यावेत.

समुद्राचे पाणी

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन झाले. समुद्रातील जिवंत मासे महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी प्रथम पाहिले ते तेथेच. त्या मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. कॅम्प ५ मधील घराला तो लाभ नाही. कल्याणच्या खाडीचे पाणी निमखारे आणि सांडपाण्याने दूषित असते, तर मुंबईच्या चौपाट्यांवरचे पाणी गढूळ असते. म्हणून समुद्र घरीच तयार करावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, त्याच दशकात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. आज यासाठी खास मिश्र मीठ बाजारात मिळते. स्वयंपाकाचे मीठ याला पर्याय नाही. ते जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते, तर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट यांचेही ठरावीक प्रमाण असते आणि माशाचे शरीर त्या सर्वांवर अवलंबून असते.

एक लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम हे प्रमाण धरल्यास ६०० लिटरसाठी २१ किलोग्रॅम मीठ लागते. मिश्रण वेगळ्या पिंपात करावे, एक दिवस पंपाने ढवळत ठेवावे आणि हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२२ ते १.०२५ च्या दरम्यान असल्याची खात्री करूनच वापरावे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. माणसाला तो हितकर असला तरी माशाच्या कल्ल्यांना घातक ठरतो. पाणी चोवीस तास हवेच्या पंपाने खळखळत ठेवल्यास साधा क्लोरीन निघून जातो. सोडियम थायोसल्फेटयुक्त औषधाने तो तत्काळ नष्ट होतो. ‘आर. ओ.’ यंत्राचे शुद्ध पाणी वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ते यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ज्या वस्तीत नळ ठरावीक वेळीच येतो, तेथे हा अपव्यय परवडणारा नाही. केवळ मासे असलेल्या पेटीस नळाचे तपासलेले व क्लोरीनमुक्त केलेले पाणी सहसा पुरेसे होते. आर. ओ. वापरल्यास बाहेर पडणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी साठवावे.

बाष्पीभवनाने पेटीतील पाणी रोज थोडे थोडे कमी होते. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे रोजची तूट साध्या क्लोरीनमुक्त पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. ही साधी गोष्ट न कळल्याने अनेक पेट्यांतील खारटपणा हळूहळू वाढत जातो.

न दिसणारे कामगार

नव्या पेटीत पहिल्याच दिवशी मासा सोडणे हे त्याच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. निसर्गात अथांग समुद्र तो सामावून घेतो. पेटीत हे काम दगडांवर आणि गाळणीत वाढणारे सूक्ष्म जीवाणू करतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जीवाणूंची वसाहत तयार होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत पाणी, गाळणी, दगड सर्व काही असावे. मासा मात्र नसावा. अमोनियाचा अल्प पुरवठा करून तपासणी संचाने रोज मोजमाप घ्यावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच पेटी माशासाठी सिद्ध झाली असे समजावे.

साळिंदर मासा खादाड असल्याने घाणही अधिक करतो. त्यामुळे मोठ्या गाळणीबरोबर ‘प्रोटीन स्किमर’ हे उपकरण आवश्यक ठरते. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढते. शेवटी उरणारे नायट्रेट मात्र पाणी बदलूनच कमी करावे लागते. दर पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा, म्हणजे १२० लिटर पाणी बदलल्यास दर खेपेस चार किलोहून थोडे अधिक आणि वर्षाकाठी शंभर किलोग्रॅमहून अधिक मीठ लागते. काढलेले खारे पाणी झाडांना घालू नये वा उघड्या जमिनीवर ओतू नये. त्याने माती नापीक होते. ते घरातील सांडपाण्याच्या मोरीतच सोडावे.

उन्हाळा, वीज आणि पावसाळा

या माशाला २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. मुंबईला समुद्रवाऱ्याचा आसरा असतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मात्र चैत्र-वैशाखात पारा चाळिशीकडे झुकतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंशांनी थंड होऊ शकते. तेवढ्याने न भागल्यास शीतयंत्र बसवावे लागते व त्याचा विजेचा खर्च दरमहा सोसावा लागतो. पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत पेटी ठेवण्याचा विचारही करू नये.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. पंप थांबला की प्रथम प्राणवायू घटतो आणि काही तासांत गाळणीतील जीवाणूही गुदमरू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नेहमी भारलेला ठेवावा आणि घरच्या इन्व्हर्टरवर निदान एक पंप जोडावा. वीज नसताना माशाला खाऊ घालू नये. विजेच्या सर्व वायरी जोडणीकडे जाण्यापूर्वी खाली झोका घेतील अशा ठेवाव्यात, म्हणजे ओघळणारे पाणी जोडणीत शिरत नाही. गळती-विद्युतरोधक स्विच बसविणे अनिवार्य मानावे, कारण खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि या माशाला पेटीतील वायरी व नळ्या कुरतडण्याची सवय असते.

आहार

साळिंदर माशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. निसर्गात कठीण कवचे फोडताना ते झिजतात. घरी केवळ मऊ मांस दिल्यास चोच इतकी वाढते की तोंड उघडेनासे होऊन मासा भरल्या पेटीत उपाशी मरतो. यासाठी बाजारातील तिसऱ्या, खुबे, लहान खेकडे आणि सालासकट कोळंबी हाच त्याचा योग्य आहार होय. माकूल व समुद्री माशाचे तुकडे अधूनमधून द्यावेत. एकाच पदार्थावर भर देऊ नये. कच्च्या शिंपल्यांत व काही कोळंब्यांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, त्यामुळे आहारात विविधता आणि जीवनसत्त्वांची जोड हवी. आणलेला माल धुऊन काही दिवस गोठवून मगच द्यावा, म्हणजे परजीवींचा धोका घटतो.

लहान माशाला रोज थोडे आणि वाढ झालेल्यास आठवड्यातून तीन-चार वेळा खाणे पुरते. तो माणूस दिसताच काचेजवळ येऊन लगबग करतो, पाण्याच्या चिळकांड्याही उडवितो. मुलांना वाटते तो भुकेला आहे. वास्तविक ती त्याची शिकलेली सवय असते. घरातील प्रत्येकाने त्याच्या आर्जवाला बळी पडून एकेक कोळंबी टाकल्यास मासा लठ्ठ होतो आणि पाणी नासते. खाऊ घालण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. बोट पाण्यात धरू नये. शिंपला फोडणारी चोच बोटालाही गंभीर इजा करू शकते.

फुगण्याचा खेळ नव्हे

मासा फुगलेला पाहावा, ही उत्सुकता स्वाभाविक आहे. परंतु फुगणे हा त्याचा जीव वाचविण्याचा शेवटचा उपाय आहे. काचेवर थापा मारून किंवा काठीने डिवचून त्याला फुगविणे म्हणजे त्याला मरणभयाची जाणीव करून देणे होय. त्याला जाळीने पाण्याबाहेर काढणे तर अधिकच धोक्याचे, कारण पाण्याबाहेर तो हवा गिळतो व ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. जागा बदलावयाची झाल्यास त्याला पाण्याखालीच रुंद भांड्यात घेऊन भांड्यासह उचलावे. कुर्ल्याहून आणताना साधी पिशवी काट्यांनी फुटू शकते, म्हणून झाकणाचा डबा बरोबर न्यावा आणि उन्हाळ्यातील दुपारचा प्रवास टाळावा.

त्याच्यासाठी सोबती निवडतानाही विचार हवा. कोळंबी, खेकडे, शंख हे त्याचे खाद्य आहे आणि तोंडात मावेल असा लहान मासाही रात्री नाहीसा होतो. अंगावर नेहमीचे खवले नसल्याने त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग लवकर जडतो आणि तांबेयुक्त औषधे त्याला सोसत नाहीत. म्हणून प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटीत निरीक्षणाखाली ठेवावा. या कुळातील माशांच्या काही अवयवांत तीव्र विष असू शकते. तेव्हा मेलेला मासा कोणीही खाऊ नये आणि मांजर-कुत्र्यांनाही देऊ नये. त्यास पुरणे योग्य.

समुद्राचे देणे

एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. साळिंदर माशाची पैदास व्यापारी प्रमाणावर बंदिवासात होत नाही. दुकानातील असा प्रत्येक मासा समुद्रातून पकडून आणलेला असतो. एक मासा पेटीत मेला आणि दुसरा आणला, म्हणजे समुद्रातून दोन कमी झाले, असा हा सरळ हिशेब आहे.

कायद्याचीही मर्यादा ध्यानात ठेवावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या संरक्षित सूचीत २००१ साली प्रवाळ, समुद्री पंखे व समुद्री घोडे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे पेटीची शोभा वाढविण्यासाठी जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळखडकाचे तुकडे घेणे हा गुन्हा ठरतो. आपल्या राज्यातील प्रवाळ १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात आढळतात व ते जपणे हे सर्वांचे कर्तव्य आहे. पेटीसाठी चुनखडीचे दगड किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक वापरावेत. जीवाणू त्यांवरही तितकेच चांगले वाढतात.

मासा मोठा झाला, आवरेनासा झाला, म्हणून त्याला खाडीत वा समुद्रात सोडून देण्याचा विचार दयेपोटी मनात येतो. तोही चुकीचा आहे. पेटीतील रोग त्याच्याबरोबर समुद्रात जातात आणि परका मासा तेथे अनर्थ करू शकतो. हिंद व पॅसिफिक महासागरांतील ‘लायन फिश’ अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पसरला आणि त्याने तेथील लहान माशांचा फडशा पाडला. या प्रसाराचा उगम पाळीव माशांच्या सुटकेत असल्याचे मानले जाते. गोड्या पाण्याच्या नदीत सोडल्यास तर साळिंदर मासा तडफडून मरेल. मासा सांभाळणे अशक्य झाल्यास अनुभवी छंदिष्टाकडे सुपूर्द करणे हाच मार्ग होय.

निर्णयापूर्वी

या सर्वांवरून साळिंदर मासा पाळूच नये असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तो बुद्धिमान, माणसाला ओळखणारा आणि अनेक वर्षे सोबत देणारा प्राणी आहे. मात्र त्याची खरी किंमत दुकानातील चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तळमजल्यावरील बळकट जागा, ६०० लिटरची पेटी, वर्षाला शंभर किलो मीठ, अखंड वीज, दर पंधरवड्याची अर्ध्या दिवसाची मेहनत आणि हे सारे दहा वर्षे चालविण्याची तयारी मिळून ती किंमत होते. घरातील कर्ता माणूस परगावी गेला तर हे कोण पाहील, याचेही उत्तर आधी हवे.

ज्यांना खाऱ्या पाण्याच्या पेटीचा अनुभव नाही, त्यांनी आरंभ क्लाउन माशाच्या जोडीपासून करावा. या माशाची पैदास बंदिवासात करण्याचे तंत्र आपल्या देशातील संशोधन संस्थांनी साध्य केले आहे, त्यामुळे समुद्राला तोशीस लागत नाही. त्यास शंभर-सव्वाशे लिटरची पेटी पुरते आणि तिचा भार दोनशे किलोच्या आसपास राहतो. वर्षभर ही लहान पेटी उन्हाळ्यातून आणि पावसाळ्यातून सुखरूप पार पाडता आली, तर पाणी, मीठ व जीवाणू यांचे गणित हाताखाली येते. अधिक मार्गदर्शनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची कार्यालये तसेच १९६१ साली स्थापन झालेली, वेसावे येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांसारख्या संस्थांतील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

समुद्रातील साळिंदर माशाला लाटांपासून तपमानापर्यंत सर्व काही न मागता मिळते. काचेच्या आत आल्यावर त्याचा समुद्र एका कुटुंबाच्या दक्षतेवर चालतो. ती दक्षता अखेरपर्यंत देता येईल असा विश्वास ज्या घराला असेल, त्याच घराने हा पाहुणा आणावा. इतरांनी दुकानाच्या काचेतून त्याला मनसोक्त पाहावे आणि रिकाम्या हाताने परतावे. त्यातही माशाचे हितच आहे.